हसतानाचं माप

खुर्ची भिंगरीला अगदी बेतशीर बसत होती. फक्त भिंगरी हसत असली पाहिजे, एवढीच अट होती.

ती हसली की तिचं सगळं अंग ताणून सरळ व्हायचं. पाठ वेताच्या काठीसारखी उभी, गुडघे ताठ, पावलं पुढे, मान वर. सात वर्षांची पोर, पण जन्मापासून तिच्या मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत जाताना वाटेत कुठेतरी रेंगाळायचे, नाहीतर सगळे मिळून एकदम दारावर थडकायचे. डॉक्टरांनी त्याला सेरेब्रल पाल्सी म्हटलं होतं. आत्या म्हणायची, "नाव बघा केवढं, आणि पोर बघा केवढीशी!"

हसणं सरलं की मात्र भिंगरी खुर्चीत हळूहळू उतरत जायची. पाण्यात खडीसाखर विरावी तशी. आधी मान, मग खांदे, मग कंबर. डोक्यामागची गादी डोक्याच्या वर राहायची, खांद्यांचे पट्टे कानांशी यायचे, आणि पावलं पायफळीपासून वीतभर अलीकडे अधांतरी लोंबायची. खाली लेक आणि तिच्या डोक्यावर रिकामी खुर्ची, असा देखावा व्हायचा.

ही खुर्ची चौदा महिने वाट बघून मिळालेली. दोन हमाल ती तीन मजले चढवून घेऊन आले, आणि दारातच ती आडवी अडकली. एक म्हणाला उजवीकडे वळव, दुसरा म्हणाला तुझ्या उजवीकडे की माझ्या, आणि दोघांनी मिळून एकमेकांना चौकटीत चेपलं. भिंगरी आईच्या मांडीवर पडल्या पडल्या खिदळायला लागली. तशीच हसती तिला खुर्चीत बसवली, आणि काय सांगावं! डोकं गादीला, पावलं फळीला, जशी काही राणीच. आत्याने टाळ्या वाजवल्या. हमालांनी सही घेतली. आई नुसती बघत राहिली.

आईला त्या क्षणी एकच गोष्ट दिसत होती. भिंगरी खुर्चीत, ताट टेबलावर, आणि आपण समोर. आपले दोन्ही हात मोकळे.

सात वर्षं ती भिंगरीला मांडीवर घेऊन भरवत आली होती. डाव्या हाताच्या कोपरात डोकं, गुडघ्याने पाठीला टेकू, उजव्या हातात चमचा. एका जेवणाला पाऊण तास. ते झालं की तोंड पुसा, कपडे बदला, कुशीवर निजवा, आणि मग स्वतःचं ताट ओट्यापाशी उभ्याने. तोवर अन्न असं थंड झालेलं असायचं की ते कधीकाळी चुलीवर होतं हे सांगूनही पटू नये. भरवताना भिंगरीलाही आईची फक्त हनुवटी दिसायची आणि नाकपुड्या. सात वर्षं पोरीने आई खालूनच पाहिली.

हमाल जिना उतरले. दार लागलं. भिंगरीचं हसू ओसरलं, आणि ती निघाली खाली.

"अगं, धरा धरा!" आत्या ओरडली.

थोरलीने, म्हणजे भिंगरीच्या तेरा वर्षांच्या बहिणीने, काखेत हात घालून तिला वर ओढलं. ती पुन्हा घसरली. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरली. आईने गुडघ्यावर बसून पायफळी बघितली, गादी बघितली, मग मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीतून बाहेर समोरच्या इस्त्रीवाल्याचं दुकान मोठ्या आस्थेने निरखत होता.

नवरा वजनमापं तपासायच्या खात्यात होता. पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं, तराजू पारखायचे, बरोबर असले तर शिशाचं सील ठोकायचं. अठरा वर्षांत त्याच्या हातून एक चुकीचा आकडा लिहिला गेला नव्हता. घरातसुद्धा दूध ओतताना पेला डोळ्यांच्या रेषेत धरायचा. आई त्याला लाडाने आणि रागाने, दोन्ही वेळा, मापाडीच म्हणायची.

"मापाडी," ती म्हणाली, "माप घ्यायला तुम्ही गेला होतात ना?"

"हो, टेपवाले काका होते. मी नुसतं टोक धरलं होतं."

"आणि आकडे कोणी वाचले?"

इस्त्रीवाल्याने एक शर्ट उलटा केला. मापाड्याने तोही बघितला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माप घेतलं त्या दिवशी, खुर्च्या देणाऱ्या केंद्राच्या तळमजल्यावर, टेपवाले काका पेन्सिल शोधत होते. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल होती. ते खिशात शोधत होते, टेबलाखाली शोधत होते, मापाड्याच्या खिशातसुद्धा शोधत होते. भिंगरीला पहिलं हसू तिथे फुटलं. वाकले तेव्हा एक पेन्सिल कॉलरमधून पाठीत गेली आणि काका जागच्या जागी नाचले. दुसरं हसू. मग लोखंडी टेप सुटून सुर्रकन परत आली आणि काकांचा चष्मा घेऊन गेली. त्यानंतर चाळीस मिनिटं पोर थांबलीच नाही. सगळी मापं त्या चाळीस मिनिटांतली.

"बसकी उंची एकसष्ट लिहिली," मापाडी म्हणाला. "एरवी त्रेपन्न भरते."

"आठ सेंटिमीटर! अहो, दुकानदाराचा तराजू केसभर हलला तर कुलूप ठोकता तुम्ही. आठ सेंटिमीटर लक्षात आले नाहीत?"

"आले होते."

"मग?"

"ती हसत होती," तो म्हणाला. "थांबवावंसं वाटलं नाही."

   भांडायला गेलं तर आईला भांडणाला बूडच सापडेना. ती उठून भिंगरीला मांडीवर घेऊन बसली, आणि ताठरलेला गुडघा चोळता चोळता गुणगुणली. भिंगरीचे सांधे बोलण्याला दाद देत नसत, ओवीला देत. म्हणून त्या घरात मोज्यापासून आंघोळीपर्यंत सगळ्याला ओव्या होत्या. नेहमीची ओवी अशी:

वळ गं गुडघ्या वळ, जशी वेल वळे दारी
माझ्या भिंगरीची निघे, उंबऱ्याबाहेर स्वारी

पण त्या दिवशी तिने नवी रचली, आणि जरा मोठ्यानेच म्हटली:

मापाड्या बापाची लेक, मापली हसताना
खुर्चीत मावते बाई, दात दिसताना

आत्या फसकन हसली. मापाड्याने कान लाल होऊ दिले.

उशी टाकली असती तर काम झालं असतं, असं कोणालाही वाटेल. पण खुर्चीबरोबर एक कागद आला होता. एकविसाव्या दिवशी तपासणी होईल. तोवर स्क्रूंवरचा लाल रंग, म्हणजे सील, खरवडायचा नाही. उशी, घडी, फळी किंवा कोणतीही भर घालायची नाही. तपासणीच्या वेळी तशी भर आढळली, किंवा लाभार्थी खुर्चीत सलग दहा मिनिटं मापात बसला नाही, तर खुर्ची परत जाईल आणि अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी लागेल. खुर्ची पास झाली की मात्र ती तुमची. मग उशी घाला नाहीतर गालिचा घाला.

"कळवू या ना त्यांना, चूक झाली म्हणून," थोरली म्हणाली.

"कळवलं तर आजच नेतील," मापाडी म्हणाला. "चौदा महिने."

चौदा महिने म्हणजे साधारण बाराशे जेवणं. आईने मोजली नाहीत, पण तिच्या डाव्या खांद्याने मोजली.

"म्हणजे दहा मिनिटं हसवायचं," आत्या म्हणाली. "एवढंच ना? दहा मिनिटं काय, मी दिवसभर हसवीन. भाचीला हसवायला काय लागतं?"

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. आत्याचं अजून जळायचं होतं.

थोरलीने वहीत तक्ता आखला. सकाळची पाळी आत्याची, दुपारची तिची, संध्याकाळची बाबांची. पुढे रकाना: किती मिनिटं हसली. आई तक्त्यात नव्हती. "आईला विनोद येत नाहीत," थोरलीने लिहून टाकलं, आणि खालचा शेरा वाचून आईनेही मान डोलावली. तिला अंघोळ, औषध, व्यायाम, कपडे एवढं येत होतं. हसवायला दम लागतो.

आत्या बसच्या चौकशी खिडकीत कामाला होती. नकला करायला तिच्याकडे माणसांचा खजिना होता. सुटलेली बस मागे बोलवा म्हणणारा म्हातारा, आपण कुठे निघालोय हेच विसरलेली बाई, आणि खिडकीत तोंड घालून अडकलेला गृहस्थ. पहिल्या दिवशी भिंगरी बावीस मिनिटं हसली. आत्या कॉलर ताठ करून कामावर गेली. दुसऱ्या दिवशी सोळा. चौथ्या दिवशी तोच म्हातारा आल्यावर भिंगरीने डोळे मिटून घेतले. डोळे मिटणं म्हणजे नाही. वर छताकडे बघणं म्हणजे हो. तिचं सगळं बोलणं एवढ्या दोन शब्दांत मावायचं, आणि त्यातला नाही हा शब्द तिला फार सुरेख म्हणता यायचा.

"मेली, तोंडावर दार लावलंन!" आत्या म्हणाली.

थोरलीने विनोदांचं पुस्तक आणलं. ती एकेक विनोद वाचायची, मग त्याचा अर्थ समजावून सांगायची, आणि मग विचारायची, "कळला ना?" भिंगरी छताकडे बघायची. कळला. हसायची मात्र नाही.

"वर्गातपण असंच होतं माझं," थोरली म्हणाली आणि तिने पुस्तक मिटलं. भिंगरीने तिच्याकडे बघून ओठ किंचित हलवले. तेवढं अर्धं मिनिट थोरलीने इमानाने लिहून ठेवलं.

दहाव्या दिवसापर्यंत सगळ्यांना उमगलं की भिंगरीला विनोद नकोत. तिला फजिती हवी, आणि तीसुद्धा खरी. बाबांचं कोपर दाराच्या कडीला आपटलं तेव्हा ती अकरा मिनिटं हसली. मग मापाडी मुद्दाम आपटायला लागला. तिने डोळे मिटले. तो वाट्या पाडायला लागला, पण पाडायच्या आधी नकळत उंची मोजायचा, आणि वाटी नेमकी पाय चुकवून पडायची. खोट्या नाण्याचा आवाज सराफाला कळतो, तसा भिंगरीला कळायचा.

मग खऱ्या फजितीची वाट बघत बसायचं, आणि ती येत नाही म्हणून तिला आवतण द्यायचं, असा उद्योग सुरू झाला. जिन्याशी साबणाचं पाणी. कपाटाच्या कडेवर भांडी. मापाड्याने चष्मा न घालता दाढी केली. आत्या एक चप्पल आपली आणि एक भावाची घालून कामावर गेली, संध्याकाळी कोणीतरी काहीतरी बोललं असेल तर सांगायला होईल म्हणून. कोणी काहीच बोललं नाही. चौकशी खिडकीत पाय कुठे दिसतात?

खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर आले. "सगळं ठीक आहे ना? नाही म्हणजे, धडाम ऐकू येतं, मग शांतता, मग कोणीतरी म्हणतं, पुन्हा कर."

"ठीक आहे हो," आई म्हणाली. तिच्या हातात ओला फडका होता, कपाळावर पीठ होतं आणि मागे मापाडी टेबलाखालून बाहेर येत होता. "हसतोय आम्ही."

काका जिना उतरताना दोनदा मागे वळून बघत गेले.

घरात कोणी सहज चालेना झालं. पाय घसरला तरी माणूस आधी भिंगरीकडे बघायचा. पोळलेल्या बोटाला फुंकर घालायच्या आधी विचारायचा, "हसली का?" हसून हसून भिंगरीचेही स्नायू ठणकायला लागले. व्यायाम घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "हिला इतकं ताठ का ठेवताय? चाललंय काय घरात?" आईने खरं ते सांगितलं. ताईंनी तिच्याकडे असं बघितलं की जणू व्यायामाची गरज दुसऱ्याच कोणाला आहे.

एकविसावा दिवस उजाडला. तपासणीबाई अकराला येणार होत्या, त्या सव्वाबाराला आल्या. उंच, करड्या कोटातल्या, हाताखाली जाड फॉर्म, आणि चेहरा असा बंद की त्याला कडी कुठे आहे तेही दिसू नये.

"पाणी घ्या," आई म्हणाली.

"नको. चालत नाही."

"चहा?"

"तोही चालत नाही. आणि माझ्याकडून हसण्याबोलण्याची अपेक्षा ठेवू नका. तपासणी करणाऱ्याने लाभार्थ्याच्या मनःस्थितीवर परिणाम करायचा नाही, असा नियम आहे." त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "लाभार्थ्याला बसवा. आधी कुटुंबाच्या स्वास्थ्याचे प्रश्न, मग दहा मिनिटं मापाची."

भिंगरीला बसवलं. ती बसली, उतरली, पट्ट्यांत कानांपर्यंत रुतून स्थिर झाली आणि करड्या कोटाकडे बघत राहिली. तपासणीबाईंनी तिच्याकडे बघितलं, काही न बोलता पान उलटलं.

"काळजी घेणारी व्यक्ती कोण?"

तिघांनी आईकडे बोट केलं. भिंगरीने डोळ्यांनी केलं.

"गेल्या तीस दिवसांत तुम्ही किती वेळा बसून जेवलात? कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बहुधा, नेहमी."

आईने विचार केला. "ओट्याला टेकून जेवलं तर ते बसण्यात धरतात का?"

"टेकण्याचा रकाना नाही."

"मग कधीच नाही."

"गेल्या तीस दिवसांत घरात हास्यविनोद किती वेळा झाला?"

"रोज," थोरली म्हणाली. "तक्ता दाखवू?"

"सकाळ, दुपार, संध्याकाळ," आत्या म्हणाली. तिच्या कपाळावर टेंगूळ होतं. "अगदी नाकी नऊ येईपर्यंत."

तपासणीबाईंनी "नेहमी" वर खूण केली. मग घड्याळाची कळ दाबली. "सुरू करा. डोकं गादीला, पाय फळीला. साडेबाराला सुरुवात, पाच मिनिटांत मापात आला नाही तर अयोग्य लिहीन."

आत्याने म्हातारा केला, विसराळू बाई केली, अडकलेला गृहस्थ तर इतका मनापासून केला की खुर्चीच्या पाठीच्या दांड्यात खरोखर हात अडकला. भिंगरीने डोळे मिटले. थोरलीने सगळ्यांत चांगला विनोद सांगितला आणि शेवट आधीच सांगून बसली. मापाडी वाटी घेऊन पुढे झाला, वाटी पाडली, ती गोल गोल फिरत तपासणीबाईंच्या बुटाशी जाऊन थांबली. तपासणीबाईंनी बूट बाजूला घेतला. मग त्याने कोपर आपटलं, गुडघा आपटला, शेवटी टेबलाच्या कडेवर कपाळ आपटायला वाकला.

"पुरे," आई म्हणाली.

तो वाकलेलाच थांबला.

"पुरे झालं. तीन आठवडे झाले. तिच्या अंगात कळा येतात, तुम्ही निळे पडलात, ही टेंगूळ घेऊन खिडकीत बसते. आणि जिच्यासाठी हे चाललंय तिला कोणी काही विचारलंय का?" ती खुर्चीसमोर उकिडवी बसली. "भिंगरी, तुला ही खुर्ची हवी का गं?"

भिंगरीने डोळे उघडले. छताकडे बघितलं. अगदी ठासून. हो.

"मग हसशील?"

डोळे मिटले.

"बरोबर आहे," आई म्हणाली. "मी पण नसते हसले." ती गुडघ्यांवर हात रेटून उठली. "बाई, लिहा तुम्ही काय लिहायचं ते. मला भूक लागलीय."

 तपासणीबाईंनी पेनाचं टोपण काढलं, "अ" लिहिला. आई ओट्यापाशी गेली. चुलीवर बटाटे उकडत होते. भिंगरीसाठी कुस्करायचे, मग निवायचे, मग भरवायचे, हा रोजचा क्रम. पण आज क्रम मोडला होता. खुर्ची जायचीच होती, मग निदान एक जेवण तरी तिच्या समोर बसून. तिने आख्खा बटाटा ताटलीत घेतला, मीठ भुरभुरलं, टेबलाशी स्टूल ओढलं आणि भिंगरीच्या बरोबर समोर बसली. दोन्ही हातांनी बटाटा मोडला आणि निम्मा तोंडात टाकला.

गरम अन्न गरम असतं, हे ती विसरून गेली होती.

उकडलेला बटाटा वरून साधुसंत, आत मात्र निखारा. सात वर्षं थंड घास गिळलेली जीभ. आधी आईचे डोळे गोल झाले. मग भुवया केसांत गेल्या. मग "हाऽऽ हूऽऽ हा हा हूऽ" असा इंजिन चालू व्हावं तसा आवाज आला. थुंकावं तर समोर सरकारी माणूस, गिळावं तर आत वणवा. तिने तोंडापुढे दोन्ही हात पंख्यासारखे फडफडवले, स्टुलावर उडी मारली, बटाटा या गालातून त्या गालात, त्या गालातून या गालात, आणि नाकातून वाफ.

भिंगरीने आईचा जेवतानाचा चेहरा असा समोरून कधी पाहिलाच नव्हता. हनुवटीच्या वर एवढं सगळं असतं, आणि ते सगळं हलतं, हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

आधी तिचा श्वास अडकला. मग पोटातून, पार तळातून हसू आलं. पाठ उभी राहिली. खांदे पट्ट्यांत चढले. गुडघे सुटले, पावलं फळीवर टप्प करून टेकली, आणि डोकं गादीच्या बरोबर मधोमध जाऊन बसलं.

"मापात आहे!" थोरली किंचाळली.

तपासणीबाईंनी "अ" खोडला आणि घड्याळाची कळ दाबली. "दहा मिनिटं. आतापासून."

आईने कसाबसा घास गिळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समोर पोर वर-खाली गदगदत होती, आणि तिला बघून आईलाही ते आवरेना. ती हसायला लागली. तिचं हसू घरातल्या कोणाच्या ओळखीचं नव्हतं. थोडं घोगरं, मध्येच घोड्यासारखं खिंकाळणारं. ते ऐकून भिंगरी अजूनच चेकाळली. तिसऱ्या मिनिटाला हसू जरा ओसरू लागलं तेव्हा आईने ताटलीकडे बघितलं. उरलेला निम्मा बटाटा अजून वाफाळत होता.

"नको गं वहिनी," आत्या म्हणाली. "तोंड पोळलंय तुझं."

"गप बसा हो वन्सं," आई म्हणाली. "मला भूक लागलीय म्हटलं ना!" आणि तिने तो घेतला. हाऽऽ हूऽऽ.

सहाव्या मिनिटाला तिने उठून भांड्यातला दुसरा आणला. आता ती फुंकत होती, पण भूक एवढी की फुंकर पुरत नव्हती. तपासणीबाई एकाएकी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचा कोट मागून थरथरत होता. भिंतीवर काही नव्हतं.

आठव्या मिनिटाला त्यांनी पाठमोऱ्याच टेप पुढे केली. "घरचं कोणीतरी धरा. बसकी उंची वाचा."

मापाड्याने टेप लावली. खाली बैठक, वर डोकं, डोळा रेषेत. टेप भिंगरीबरोबर गदगदत होती.

"एकसष्ट," तो म्हणाला. मग त्याने पुन्हा तोंड उघडलं. आईने घास तोंडात धरून त्याच्याकडे डोळे वटारले. अठरा वर्षांत एकही चुकीचा आकडा न लिहिलेला हा माणूस तिला माहीत होता. "पण बाई, खरं सांगायचं तर, हे हसतानाचं आहे. एरवी त्रेपन्न भरते."

आत्याने कपाळाला हात लावला, नेमका टेंगळावर.

तपासणीबाई वळल्या. चेहरा पुन्हा बंद, फक्त डोळे ओले. त्यांनी फॉर्म वरून खालपर्यंत वाचला, मग त्याची मागची बाजू वाचली.

"हसतानाचं, रडतानाचं असं इथे काही नाही," त्या म्हणाल्या. "माप, एवढंच आहे. हे माप तिचंच ना?"

मापाड्याने भिंगरीकडे बघितलं. ती ताठ बसून आईच्या गालातल्या बटाट्याचा प्रवास बघत होती.

"तिचंच," तो म्हणाला. "शंभर टक्के तिचंच."

घड्याळ वाजलं. तपासणीबाईंनी स्क्रूंवरचा लाल रंग नखाने खरवडला, शिक्का मारला, दोन सह्या घेतल्या. "शेवटचा प्रश्न राहिला. साधन मिळाल्यामुळे काळजी घेणाऱ्या व्यक्तीचा जो वेळ वाचेल, त्याचा उपयोग काय करणार? थोडक्यात सांगा."

आईने तोंडाकडे बोट दाखवलं. तोंड भरलं होतं. तपासणीबाई पेन धरून थांबल्या. समोर भिंगरीचं हसू ओसरायला लागलं होतं. मान उतरली, खांदे उतरले, आणि मापाड्याने तीन आठवडे दाराआड तयार ठेवलेली उशी आणून हळूच तिच्याखाली सरकवली. मग दुसरी, पायांखाली. भिंगरी थांबली. तिथेच. आईच्या डोळ्यांच्या रेषेत.

आईने घास गिळला.

"लिहा," ती म्हणाली. "जेवतेय."

आणि तिने तिसरा बटाटा मोडला, निम्मा कुस्करून भिंगरीच्या ताटलीत निवत ठेवला.